घरच्या माणसाचे गुण मिळत नाहीत

ता. ११ सप्टेंबर

प्रिय बारके,

तुझं पत्र पोचलं. मी धडधाकट आहे, तूही असशील असं धरून पुढचं लिहितो. बाबांना नमस्कार कळव असं लिहायची पद्धत आहे, पण कळवू नकोस. त्यांचा रक्तदाब वाढेल आणि गोळी तुलाच शोधावी लागेल.

फोन का करत नाहीस म्हणून रागावलीस. अगं, फोन असतो बाबांच्या उशाशी. त्यांचं अर्धं अंग गेलं, पण कान दोन्ही शाबूत आहेत. माझा आवाज ऐकला की चालत्या हातानं फोन भिंतीवर मारतील. त्यापेक्षा पत्र बरं, ते तू दारातच उचलतेस. माझं अक्षर कोंबडीनं पाय पुसल्यासारखं आहे, मला माहीत आहे. आठवीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद चालू आहे. सांभाळून वाच.

टायरचं काम सोडलं. काचेचं धरलंय. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवतो आम्ही. दोघांनी दोन बाजूंनी काचेला चिकटून बसणारे रबरी पंजे लावून काच उचलायची, चौकटीत टेकवायची, कडेनं सिलिकॉन भरायचं. मुकादम सांगतो, "काच हातात असेल तोवर शिंकायचं नाही, खाजवायचं नाही आणि घरचा विचार करायचा नाही." पहिल्या दोन गोष्टी जमल्या.

आता तुझं रडगाणं. ते मी खोलीवर मोठ्यानं वाचलं. माझ्यासोबत राहतो तो बुटक्या, माझाच काचेतला जोडीदार, त्याला मी सगळी पत्रं वाचून दाखवतो. त्याला स्वतःला कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून तुझ्यावर भागवतो. "श्रेयांक" शब्द आला तेव्हा तो म्हणाला, "हे खोकल्याचं औषध आहे का?" मी सांगितलं, नाही रे, शाळेतले गुण आहेत. माझ्या बहिणीच्या मोठ्या शाळेत नियम आहे, समाजसेवा केली की तिचे गुण मिळतात. साठ तास सेवा भरली नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर नर्सिंगला प्रवेश नाही.

बुटक्या म्हणाला, "मग तिला कसली काळजी? ती रोज बापाचं सगळं करते म्हणालास ना?"

मी सांगितलं, घरच्या माणसाचं धरत नाहीत. सेवा परक्याची पाहिजे. आणि त्या परक्याला कुणी नको, तो निराधार पाहिजे.

त्यानं पाय खाजवला. मग म्हणाला, "म्हणजे बापाला सोडून दुसऱ्याच्या बापाकडे जायचं आणि तिथे माणुसकी शिकायची?"

तुझ्या बाईंना हे कळत नसेल असं नाही. त्यांनाही वरून कुणीतरी कागद दिला असेल. त्यांच्याशी भांडू नकोस, भांडणारी पोरं शाळेला आवडत नाहीत, हे मी स्वानुभवानं सांगतो. आपण डोकं चालवू.

तुझ्या वर्गातली ती हुशारबाई, पहिला नंबरवाली, तिच्या घरी आजी अंथरुणाला खिळलीय असं तू मागे लिहिलं होतंस. तिचेही तास भरलेले नाहीत. मग अदलाबदल करा. तू तिच्या आजीचं कर, तिनं आपल्या बाबांचं करायचं. शाळेत तिनं लिहायचं, एक एकटे म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना कुणी नाही. तू लिहायचं, एक एकट्या आजी आहेत, त्यांना कुणी नाही. तू या शाळेत याच वर्षी गेलीस, तुझा बाप कोण हे तिथे कुणाला ठाऊक आहे? बसचे ड्रायव्हर होते बाबा. शहराला त्यांची पाठ माहीत आहे, तोंड नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. बाबांना गुणांचं बोलू नकोस. आपण कुणाच्या तरी मार्कांसाठी झोपलोय असं कळलं तर ताट भिरकावतील. सांग की मैत्रीण आहे, तिला वडीलधाऱ्यांची आवड आहे, आपणहून येते. खोटं बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस, चादर नीट करत बोल.

कशी वाटली युक्ती? आठवी नापास डोकं आहे म्हणावं.

तुझा,
दादा


ता. २ नोव्हेंबर

प्रिय बारके,

खुशाली कळली. माझी तशीच आहे.

जमलं म्हणतेस! छान झालं. हुशारबाईची आजी तुला चिमटे काढते हे वाचून आम्ही खूप हसलो. "माझी सख्खी नात परक्या म्हाताऱ्याला भरवायला जाते आणि मला ही कोण कुठली उपटसुंभ," असं ती म्हणते ना? खरंच बोलते बाई. चिमटे खा. दाखल्यासाठी लोकांनी याहून वाईट खाल्लंय. आणि तासाचं काम तासातच कर. तास भरला की अर्धी वेणी तशीच सोडून उठायचं. जीव लावू नकोस, त्याचे गुण मिळत नाहीत.

बाबांचं मात्र तू फार लांबवून लिहिलंस.

हुशारबाई केस विंचरते म्हणून बाबा आरसा मागतात. तिला बसचे सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवतात, जाताना आणि येताना. ती यायच्या वेळी तुझ्याकडून दाढी करून घेतात. परवा ती म्हणाली, आजोबा, तुम्ही हसता तेव्हा वाकडं तोंड सरळ होतं, आणि ते पुन्हा हसून दाखवू लागले. बरं झालं. मला आनंदच आहे. आपल्याशी चार शब्द बोलले नाहीत कधी, ते हिला थांबे म्हणून दाखवतात. असू दे. आजारी माणूस आहे.

सहज विचारतो. ती विचारत नाही का त्यांना, घरात आणखी कोण होतं? आणि ते काय सांगतात? तू आतल्या खोलीत असशील तर ऐकू येतच असेल. मला काही फरक पडत नाही, नुसतं विचारतो.

इथे थंडी सुरू झालीय. काच इतकी गार लागते की बोटं तिला चिकटतील असं वाटतं.

वरचं लिहून पत्र उशाखाली ठेवलं होतं, तिकीट आणायचं राहिलं. तेवढ्यात तुझं दुसरं पत्र आलं. हे मी बुटक्याला वाचून दाखवलं नाही.

मी पुन्हा नीट लिहून काढतो, कारण मी एखादं वाक्य चुकीचं वाचलं असेल. शाळेत कार्यक्रम होता. सेवेचे अनुभव सांगायचे होते. हुशारबाईनं भाषण केलं. म्हणाली, मी ज्या आजोबांकडे जाते त्यांचा एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात गेला. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी गेले की माझ्याकडे वळतात. भाषण संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मग बाईंनी सगळ्या सभागृहाला उभं केलं आणि त्या मुलासाठी दोन मिनिटं शांतता पाळली.

मी गेलो हे तिला कुणी सांगितलं, तर बाबांनी. तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. हो ना? तू लिहितेस, "बाबांच्या तोंडून निघून गेलं असेल, दादा." निघून जायला ती शिंक आहे का? मी घर सोडलं तेव्हा "तू मला मेलास" असं म्हणाले होते, ते मी समजू शकतो. रागात सगळेच बाप म्हणतात, आणि बहुतेक मुलं दोन दिवसांनी जेवायला परत येतात. पण हे रागात नाही. हे केस विंचरून घेता घेता, हसत हसत.

आणि हुशारबाईनं तुला विचारलं, "मला कधी बोलली नाहीस, तुझा भाऊ...", तेव्हा तू काय म्हणालीस? मान खाली घातलीस. बरोबर आहे. मान वर केली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. बाबांना मुलगी आहे, मुलगा आहे, ते निराधार नाहीत, साठ तास पाण्यात. युक्ती माझीच. त्यांना कुणी नाही असं लिहा, हे मीच सांगितलं होतं. पण मी कागदावर लिहा म्हटलं होतं.

माझ्यासाठी कधी कुणी दोन मिनिटं गप्प बसलं नव्हतं. आठवीच्या वर्गात मी उभा राहिलो की बाकडी वाजायची. म्हणून एकच विचारतो, आणि त्याचं उत्तर सरळ दे. सभागृह उभं राहिलं तेव्हा तू उभी होतीस की बसलेली?

दादा


ता. १९ जानेवारी

प्रिय बारके,

तुझी तीन पत्रं समोर आहेत. उत्तराला उशीर झाला. काम जास्त होतं, आणि मध्ये थोडा बाहेर होतो.

बुटक्याच्या हाताला काच लागली. माझी चूक नव्हती, पंजात हवा शिरली. शिवण घातलीय. डाव्या हातानं जेवतो आणि मला शिव्या देतो. त्याच्या जागी नवीन जोडीदार दिलाय, तो बोलतच नाही. काम चांगलं होतं.

तुझ्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख जवळ आली असेल. तिथे वसतिगृह आहे ना? चांगलं आहे. निघून जा. गेलीस की मागे वळून बघू नकोस, मान दुखते.

आणखी एक. बाबांच्या पलंगाशेजारच्या खिडकीची खालची काच तडकलीय, कोपऱ्यापासून मधोमध. तिला पट्टी चिकटवून काही होणार नाही, तिथून सरळ बाबांच्या मानेवर वारा येतो. चौकटीला वाळवी नाही, नुसता रंग उडालाय. माप मागच्या पानावर लिहिलंय. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून बसवून घे.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील आणि विचार करत असशील की दादाला माप कुठून मिळालं. पट्टीचं तर तू कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतंस. मी आलो तेव्हा पट्टी होती.

हो. आलो होतो.

महिन्याच्या सुरुवातीला. तुला कळवलं नाही. तू त्या वेळी आजीकडे चिमटे खात असणार हे मला माहीत होतं, म्हणूनच ती वेळ धरली. मला तुला भेटायचं नव्हतं. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतंस. पुढच्या पत्रात हवेबद्दल लिहिलंस. म्हणजे उभी होतीस.

दार हुशारबाईनं उघडलं. मला वाटलं होतं उंच, गोरी, नाक वर असेल. तशी नाही. तुझ्यापेक्षाही बुटकी आहे, आणि ओठावर भात लागलेला. हातात वाटी-चमचा. "कोण पाहिजे?" म्हणाली.

आपल्याच दारात उभं राहून माणूस काय सांगणार?

तेवढ्यात आतून बाबांनी पाहिलं. त्यांचा उजवा डोळा अर्धा मिटलेला असतो ना, तोही उघडला. मी थांबलो. खरं सांगतो, बारके, त्या क्षणी त्यांनी "अरे" एवढं जरी म्हटलं असतं तरी मी त्यांच्या पायाशी बसलो असतो आणि तू आलीस तेव्हा तुला जेवायला वाढलं असतं.

बाबा म्हणाले, "काचवाला आहे तो. खिडकीसाठी बोलावलाय."

तूच कधीतरी सांगितलं असणार. पायाशी बसून, ऐकताहेत की नाही न बघता, दादा आता काचेचं काम करतो. आणि त्यांनी ऐकून ठेवलं. मी मेलोय आणि मी काचा बसवतो, दोन्ही त्यांना माहीत होतं. अडचण आल्याबरोबर त्यातलं सोयीचं काढलं.

"या ना दादा," ती म्हणाली. "चपला राहू द्या, चालतील. ही बघा, हीच काच."

दादा म्हणाली मला. आपल्या घरात, त्यांच्यासमोर.

खिशात टेप असतोच. मी माप घेऊ लागलो. मागे तिचं भरवणं चालू होतं. तू लिहिलं होतंस पण मला पटलं नव्हतं. ती म्हणते, "आजोबा, थांबा आला. दार उघडा, प्रवासी चढताहेत." ते आ करतात. ती घास घालते आणि म्हणते, "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे." ते हसतात, भात बाहेर येतो, ती आपल्या ओढणीनं पुसते. ओढणीनं, बारके, फडक्यानं नाही. मला वाटलं होतं ती नाक दाबून करत असेल. ती करते चांगलं. हे मी तुला सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं मी तिच्या रागानं केलं नाही.

तिनंच बोलायला सुरुवात केली. "लांबून येता का दादा? पाणी देऊ?"

नको म्हणालो.

मग हळू आवाजात, पण बाबांना ऐकू जाईल इतपतच हळू: "यांचा मुलगा असता ना, तर तुमच्याच वयाचा असता."

"कशानं गेला?" मी विचारलं.

"ते सांगत नाहीत. त्रास होतो त्यांना." मग त्यांच्या कपाळावर हात ठेवून, "हो ना आजोबा? नाही बोलायचं ते."

बाबा चमच्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही. मी त्यांच्यापासून एवढ्या अंतरावर होतो की टेपचं टोक त्यांच्या पांघरुणाला लागत होतं.

ती वाटी खाली ठेवून हात धुवायला आत गेली. नळ सुरू झाला. बाबा म्हणाले, "जा आता."

"बाबा..."

"ती आहे तोवर थांबू नकोस. तिला कळलं मी खोटं बोललो, तर यायची नाही ती." मग गयावया करायला लागले, त्या वाकड्या तोंडानं. "तिच्यामुळे दिवस जातो माझा. आपणहून येते पोरगी. कुणी सांगितलंय का तिला? जा बाबा, हात जोडतो." एकच हात उचलला, कारण दुसरा उचलत नाही.

बाबांनी जन्मात कुणापुढे हात जोडला नव्हता. मला दार दाखवायला जोडला.

तू विचारतेस ना, बाबांना झालंय काय? त्या दिवसापासून हुशारबाईनं चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटतात. थांबा आला म्हटलं की भिंतीकडे वळतात. तिनं केसांना हात लावला तर फणी फेकली. ती रडत तुझ्याकडे आली, माझं काय चुकलं ग म्हणून. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका नाही. तुम्ही दोघी रात्रंदिवस डोकं खाजवताय, आणि मी हवा, काच, बुटक्याचा हात असलं लिहीत बसलोय.

मी वाकून त्यांच्या कानाशी गेलो. माझ्या लहानपणी ते रागावले की असेच वाकायचे, ओरडायचे नाहीत. मी म्हणालो, "बाबा, ती मार्कांसाठी येते."

त्यांना कळलं नाही. मग मी नीट सांगितलं, एखाद्या पोराला समजवावं तसं. शाळेनं तास नेमून दिलेत. तुम्हाला भरवलं की तिचे गुण होतात. आपली बारकी तिच्या आजीचं करते, ती तुमचं करते, अदलाबदल आहे. युक्ती माझी. तास संपले की येणार नाही.

"खोटं," ते म्हणाले.

"विचारा तिला."

ती हात पुसत बाहेर आली. बाबांनी विचारलं, आणि विचारताना आवाज एवढा साधा ठेवला की मलाच कसंतरी झालं. "पोरी, तुझे तास किती राहिले ग?"

ती इतकी खूश झाली! तिला वाटलं तूच त्यांना तासांचं सांगितलंस आणि आजोबा चौकशी करताहेत. "झालेच की, आजोबा! या महिन्यात संपतात. अख्ख्या वर्गात सगळ्यात आधी माझे होणार." आणि उरलेला घास भरवायला चमचा पुढे केला. "दार उघडा, प्रवासी चढतोय."

चमचा ओठांवर आपटला. भात गळ्यावर सांडला. ती म्हणत राहिली, दार उघडा, दार उघडा आजोबा, काय झालं?

मी टेप गुंडाळला आणि काच लावायला उद्या माणूस येईल असं सांगून निघालो. खाली कोपऱ्यावर खाणावळ दिसली. पोटभर जेवलो, मागून घेऊन जेवलो. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. गाडीत बसलो तरी वाटलं नाही. आत्ता लिहिताना थोडं वाटतंय, पण ते तुझ्यासाठी असेल.

आता तुझ्या कालच्या पत्राचं. शनिवारी तुझ्या बाई घरी येणार आहेत. हुशारबाईची निवड मोठ्या बक्षिसासाठी झालीय म्हणून त्यांना तिची सेवा डोळ्यांनी बघायचीय. बाबा असेच तोंड मिटून राहिले, किंवा त्याहून वाईट, तोंड उघडून बोलले, की ही मार्कांसाठी येते आणि आत आहे ती माझी मुलगी, तर तिचे तासही गेले, तुझेही गेले. तुझं नर्सिंग गेलं. मग तू त्याच खोलीत, त्याच पलंगाशी, जन्मभर.

आणि खाली, घाईघाईनं, वेगळ्या शाईनं: "दादा, निकाल लागेपर्यंत तू इकडे येऊ नकोस हं. कुणी पाहिलं तर."

हे लिहायला तुला किती वेळ लागला असेल याचा मी विचार केला. पेन बदललंस म्हणजे मध्ये उठली होतीस. माझ्यावर तुझी माया आहे हे मला माहीत आहे. बाबांनी मला मारलं ते आपल्या करमणुकीसाठी. तू मला मेलेला राहू दिलंस ते दाखल्यासाठी. दाखल्याचं कारण जास्त चांगलं आहे. मी येणार नाही. निकालानंतरही नाही. इथून पुढे काम आणखी लांब लागतंय, तिकडचा पत्ता मला अजून माहीत नाही, कळला तरी पाठवीन असं वाटत नाही.

पण तुझं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. मला जे मोडायचं होतं ते मोडून झालं. म्हणून शनिवारचं सांगतो, आणि हे अगदी मी सांगतो तसंच कर.

सकाळी बाई यायच्या आधी बाबांची दाढी कर. मग जवळ बस, चादर नीट करू नकोस, या वेळी डोळ्यांत बघ. सांग की आज शाळेतून माणूस येणार आहे, आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर त्या पोरीचं वर्ष जाईल. तिला सगळ्यांसमोर खोटी ठरवतील. तिचं नाव काढून टाकतील. ती रडेल. एवढं सांग आणि उठ. ते भिंतीकडे बघत राहतील, तुला वाटेल ऐकलं नाही. पण ती चमचा घेऊन आली की आतल्या खोलीतून बघ. ते आ करतील, प्रवासी चढवतील, हसूनही दाखवतील. बाई डोळे पुसतील. तुमचे दोघींचे तास पक्के.

फक्त तुझं नाव मध्ये आणू नकोस. तुझं वर्ष जाईल, तुझं नर्सिंग जाईल, असं चुकूनही बोलू नकोस. तुझ्यासाठी ते तोंड उघडणार नाहीत.

दादा